ओल कधी खर्चायची?

ऑक्टोबरात पाऊस परततो आणि मराठवाडा-विदर्भाच्या काळ्या रानात कोरडवाहू हरभऱ्याची पेरणी सुरू होते. तिथून फेब्रुवारीतल्या काढणीपर्यंत या पिकाला पावसाचं पाणी मिळेल असं कोणी धरून चालत नाही. आलाच तर तो अवकाळी, आणि ऐन फुलोऱ्यात आला तर फायद्यापेक्षा नुकसानच जास्त. म्हणजे पेरणीच्या दिवशी जमिनीत जी ओल असेल तेवढ्यावरच पीक काढायचं. खोल, भारी जमीन पिकाला घेता येईल असं १५० ते २०० मिलिमीटर पाणी पोटात धरते. मुरमावरच्या उथळ जमिनीत ते ५०-६० मिलिमीटरच भरतं. एक मिलिमीटर म्हणजे एकरी सुमारे ४,००० लिटर. पावसाळ्यात भरलेली कणगी पुढच्या सुगीपर्यंत पुरवायची आणि शेवटच्या महिन्यात घरात लग्न आहे, असा हा हिशेब असतो. कारण दाण्याच्या दृष्टीनं हरभऱ्याला पाणी सगळ्यात मोलाचं असतं ते शेवटी, घाटे भरताना, आणि नेमकी तेव्हाच कणगी तळाला गेलेली असते.

पाण्याचा ताण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे माना टाकलेलं पीक येतं. पण माना टाकणं ही ताणाची बरीच उशिराची खूण आहे. त्याच्या कितीतरी आधी, शेत हिरवंगार दिसत असतानाच, झाडाच्या आत एकामागून एक निर्णय होऊन गेलेले असतात: पानं किती उघडायची, मुळं कुठे वाढवायची, नत्र बांधायचं की थांबवायचं, कोणतं फूल ठेवायचं आणि कोणतं गाळायचं. या निर्णयांच्या वेळेवर दाणा ठरतो. ताणात जगून राहणं आणि ताणात पिकणं ही दोन वेगळी कामं आहेत. एखादं झाड पहिल्यात पटाईत असतं आणि दुसऱ्यात मार खातं. शेंगवर्गीय पिकांमध्ये हा फरक फार ठळकपणे दिसतो, म्हणून ती समजून घेण्यासारखी आहेत.

सुरुवात पानापासून करू. पानावर सूक्ष्म रंध्रं असतात. त्यांतून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि त्याच वाटेनं पाण्याची वाफ बाहेर जाते. एक कण कार्बन डायऑक्साइडचा मिळवायचा तर पाण्याचे काहीशे कण गमवावे लागतात. पाणी वाचवायचं तर रंध्रं मिटावी लागतात, आणि मिटली की अन्न बनणंही मंदावतं. शिवाय वाफ उडत होती तोवर पान थंड राहत होतं, ते आता तापू लागतं. यातून कोणत्याही झाडाची सुटका नाही. फक्त कोण लवकर मिटतं आणि कोण उशिरा, एवढाच फरक.

रंध्रं मिटायचा निरोप देणारं रसायन म्हणजे ॲबसिसिक आम्ल. १९६०च्या दशकात अमेरिकेत फ्रेडरिक ॲडिकॉट आणि त्यांचे सहकारी कापसाची कोवळी बोंडं का गळतात हे शोधत होते आणि ब्रिटनमध्ये फिलिप वेअरिंग झाडांच्या कळ्या थंडीत निद्रिस्त का होतात हे तपासत होते. दोघांच्या हाती एकच पदार्थ लागला. नंतर कळलं की दुष्काळातही त्याचं मोठं काम आहे. बरीच वर्षं असं मानलं जाई की कोरड्या मुळांत हे आम्ल तयार होतं आणि पाण्याबरोबर वर पानांकडे जातं. आता दिसतं की ते मोठ्या प्रमाणात पानातच बनतं. २०१८ साली जपानी शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या वनस्पतीत दाखवून दिलं की कोरडं पडलेलं मूळ प्रथिनाचा एक लहानसा तुकडा वर पाठवतं आणि तो पोचल्यावर पान स्वतः ॲबसिसिक आम्ल तयार करू लागतं. हे आम्ल रंध्राच्या दोन्ही बाजूंच्या रक्षक पेशींवर काम करतं. त्यांतलं पोटॅशियम बाहेर पडतं, मागोमाग पाणी निघतं, पेशी सैल पडतात आणि रंध्र मिटतं.

या बाबतीत कडधान्यांत भलताच फरक आहे. चवळी रंध्रं फार लवकर मिटते. जमिनीत अजून बऱ्यापैकी ओल असतानाच ती खर्च थांबवते आणि पानांतलं पाणी जपून ठेवते. त्यामुळे ती दीर्घ उघडिपीतही मरत नाही. मात्र एवढं सावध राहायचं तर वाढही थांबणार. तूर याच्या अगदी उलट वागते. तिच्याकडे पुढे येऊच.

पान हलवणं ही शेंगवर्गीयांची खास ताकद. त्यांच्या प्रत्येक पानाच्या आणि पर्णिकेच्या देठाच्या बुडाशी एक फुगीर सांधा असतो. त्यातल्या एका बाजूच्या पेशींत पाणी भरलं आणि दुसऱ्या बाजूच्या पेशींतून काढून घेतलं की पान वळतं. लाजाळू मिटते ती याच सांध्यानं, आणि तीही याच कुळातली. ताण बसलेलं सोयाबीन दुपारी पाहा. पर्णिका उन्हाला समांतर उभ्या राहिलेल्या असतात, काही तर उलटून आपली फिकट, लवदार बाजू वर करतात. लांबून सगळं शेत पांढुरकं दिसतं. ऊन पानावर थेट पडत नाही, पान कमी तापतं, वाफ कमी उडते. सूर्य कलला की पानं पुन्हा पसरतात. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८०च्या पुस्तकात वनस्पतींच्या अशा हालचालींची बारकाईनं नोंद केली होती. मटकी याहून पुढे जाते. राजस्थानच्या रेताड रानात ती जमिनीला बिलगून पसरते आणि आपल्याच वेलाखालची माती झाकून टाकते. खरिपातल्या कडधान्यांत सगळ्यात कमी पाण्यावर येणारं पीक म्हणून तिची ओळख आहे, आणि तिचं हे बुटकं, पसरट अंग त्याचं एक कारण आहे.

आता मुळाकडे. कडधान्यांचा दुष्काळ ज्वारी-बाजरीच्या दुष्काळाहून वेगळा ठरतो तो मुळांवरच्या गाठींमुळे. या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात. ते हवेतलं नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणतात आणि बदल्यात झाड त्यांना साखर पुरवतं. हा सौदा स्वस्त नाही. एक ग्रॅम नत्र बांधायला झाडाला सुमारे सहा ग्रॅम कार्बन खर्चावा लागतो. नत्र बांधणाऱ्या विकराला प्राणवायू लागला की ते निकामी होतं, पण जिवाणूंना श्वसनासाठी प्राणवायू तर हवाच. म्हणून गाठीभोवती एक थर असतो जो प्राणवायू अगदी मोजून आत सोडतो, आणि आत लेगहिमोग्लोबिन नावाचं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनशी नातं सांगणारं प्रथिन तो प्राणवायू हाताळतं. निरोगी गाठ चिरली की आतून गुलाबी दिसते ती यामुळे. ताण पडलेल्या झाडाच्या गाठी हिरवट-करड्या पडतात. ज्यांनी उघडिपीत सोयाबीन उपटून पाहिलं आहे त्यांना हा रंग माहीत असेल.

सोयाबीनमध्ये एक गोष्ट वारंवार सिद्ध झाली आहे: जमीन सुकू लागली की नत्र बांधणं आधी मंदावतं, पानांचं काम नंतर. म्हणजे झाड अजून हिरवं आहे, वाफ सोडतं आहे, साखरही बनवतं आहे, आणि तरी गाठी थंडावल्या आहेत. असं का होतं याची कारणं एकापेक्षा जास्त आहेत. बहुतेक गाठी मातीच्या वरच्या थरात असतात आणि तोच थर आधी सुकतो. ताण सुरू झाल्यावर गाठीत साखर फोडणाऱ्या एका महत्त्वाच्या विकराची पातळी घसरते, त्यामुळे जिवाणूंपर्यंत इंधन पोचत नाही. प्राणवायू सोडणारा थरही आवळला जातो. आणि याहून विलक्षण कारण आहे ते वाहतुकीचं. गाठीला तिचं बरंचसं पाणी मातीतून थेट मिळत नाही. ते पानांकडून रसवाहिन्यांतून येणाऱ्या साखरेच्या रसाबरोबर येतं. बांधलेलं नत्र धुऊन वर नेण्यासाठीही पाणी हवं. तो प्रवाह मंदावला की माल गाठीतच साचतो, आणि साचलेला माल उत्पादनाला लगाम घालतो.

हा माल कोणत्या रूपात वर जातो यावरही बरंच काही अवलंबून आहे. सोयाबीन, तूर, मूग, उडीद, चवळी ही उष्ण प्रदेशातली कडधान्यं नत्र मुख्यतः युरीड नावाच्या संयुगांच्या रूपात पाठवतात. हरभरा, वाटाणा, मसूर ही थंड हंगामातली कडधान्यं ते अमाइडांच्या रूपात पाठवतात. युरीडात थोड्या कार्बनवर जास्त नत्र वाहून नेता येतं, म्हणून चांगल्या दिवसांत ते किफायतशीर. पण ते पाण्यात कमी विरघळतं आणि पानात पोचल्यावर ते फोडण्याचं काम ताणात रखडतं. न फुटलेलं युरीड पानात साठतं आणि त्यामुळे गाठीतलं नत्र बांधणं अडतं. थॉमस सिंक्लेअर आणि राशिद सेराज यांनी १९९५ साली वेगवेगळी शेंगवर्गीय पिकं शेजारीशेजारी तपासून दाखवलं की युरीड पाठवणाऱ्यांचं नत्र ताणाला लवकर बळी पडतं आणि अमाइडवाल्यांचं तुलनेनं टिकतं. सोयाबीनच्या सगळ्या वाणांचं मात्र सारखं नसतं. ‘जॅक्सन’ नावाच्या एका जुन्या अमेरिकी वाणात कोरड्या मातीतही नत्र बांधणं बरंच टिकतं असं आढळलं, आणि पुढच्या पैदाशीत त्याचा उपयोग झाला.

ऑगस्ट २०२३ आठवा. देशात १९०१पासूनचा तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सरासरीपेक्षा ३६ टक्के पाऊस कमी. मराठवाड्यात सोयाबीन त्या वेळी फुलोऱ्यात आणि शेंगा धरण्याच्या अवस्थेत होतं. सप्टेंबरात पाऊस आला, शेतं पुन्हा हिरवी झाली, तरी दाणा अनेक ठिकाणी बारीक राहिला. त्याचं एक कारण या नत्राच्या हिशेबात आहे. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिन असतं. दाणे भरताना लागणारं नत्र मुळं आणि गाठी तितक्या वेगानं पुरवू शकत नाहीत, म्हणून झाड आपल्याच पानांतलं नत्र काढून दाण्याकडे पाठवतं. पानं पिवळी पडतात, अन्न बनवणं थांबतं. सिंक्लेअर आणि डच शास्त्रज्ञ सी. टी. डी विट यांनी १९७५ साली हे गणित मांडलं तेव्हा त्यांनी सोयाबीनच्या या स्वभावाला आत्मनाशाचं नाव दिलं. ज्या पिकानं ऑगस्टात नत्र साठवलंच नाही, त्याची पानं सप्टेंबरात आणखी लवकर रिकामी होतात. पाऊस परतला म्हणून हरवलेले आठवडे परत येत नाहीत. पावसाच्या खंडानंतर पंचनाम्याला येणाऱ्यांनी नुसती पानांची हिरवाई पाहून पीक सावरलं असं ठरवू नये, असं मला फार वाटतं.

पुन्हा हरभऱ्याकडे येतो, कारण दुष्काळाविषयीची एक पक्की समजूत हरभऱ्यानंच मोडली. ती समजूत अशी: मुळं जितकी खोल, तितकं पीक दुष्काळाला तगडं. हैदराबादजवळ पाटणचेरू इथे इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था १९७२ साली सुरू झाली. तिथल्या संग्रहातलं ‘आयसीसी ४९५८’ हे हरभऱ्याचं वाण मोठ्या, जोमदार मुळांसाठी नावाजलं गेलं. जगभरच्या हरभऱ्यांतून निवडलेल्या २११ वाणांच्या संचाशी तुलना केली तरी त्याची मुळं ठसठशीत उठून दिसत. मग त्याच्या मुळांचे गुण चांगल्या वाणांत आणण्याची मोहीम सुरू झाली.

याच संस्थेत व्हँसाँ वाडेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सव्वा मीटर उंचीच्या पीव्हीसी नळांत काळी माती भरली, प्रत्येकात हरभरा वाढवला आणि ते नळ वारंवार टांगून वजन केलं. वजन घटलं तेवढं पाणी पिकानं त्या दिवसांत खर्चलं. शेतात दुष्काळ पडला तेव्हा चांगलं पिकलेली वाणं आणि मार खाल्लेली वाणं, दोन्ही या नळांत होती. दोन्ही गटांनी काढलेलं एकूण पाणी जवळजवळ सारखंच निघालं. मुळांच्या खोलीतही असा काही फरक नव्हता ज्यानं निकालाचा उलगडा व्हावा. फरक होता वेळेचा. चांगल्या वाणांनी पहिल्या महिना-दीड महिन्यात, भरपूर ओल असतानाही, हात आखडता ठेवला होता. पानांचा पसारा कमी, रंध्रं थोडी मिटलेली. त्यामुळे घाटे भरायच्या वेळी त्यांच्या मुळाशी पाणी शिल्लक होतं. मार खाणाऱ्यांनी डिसेंबरातच उधळून घेतलं होतं. दाणे भरण्याच्या काळात शिल्लक राहिलेलं काही मिलिमीटर पाणी सरळ दाण्यात उतरतं. तेच पाणी आधी खर्चलं तर पाला वाढतो.

हे वाचल्यावर आपल्याकडच्या काही जुन्या सवयींचा अर्थ वेगळा कळू लागतो. भारी जमिनीत हरभऱ्याला सुरुवातीला फार पाणी दिलं की तो नुसता फोफावतो आणि घाटे कमी धरतो, हे शेतकऱ्याला अनुभवानं ठाऊक आहे. ‘एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी’ असं जुनी माणसं म्हणत, तेही खरं आहे. काळ्या जमिनीच्या भेगांतून उडून जाणारी ओल कोळपणीनं अडते, आणि ती जानेवारीत घाट्यांच्या कामी येते.

हवेच्या कोरडेपणालाही वाणं सारखा प्रतिसाद देत नाहीत. दुपारी हवा कोरडी आणि तापलेली असते, तेव्हा त्याच एका कार्बन कणामागे जास्त पाणी जातं. काही हरभरे, काही सोयाबीन या वेळी वाफ सोडण्यावर एक मर्यादा घालतात. सकाळी मोकळेपणानं काम करतात आणि दुपारी हात आवरतात. उत्तर कॅरोलिनात टॉमी कार्टर यांना ‘पीआय ४१६९३७’ हे सोयाबीन असंच आढळलं. शेजारची झाडं कोमेजलेली असताना ते उभं राही, म्हणून त्याला हळू कोमेजणारं वाण असं नाव पडलं. ज्या वर्षी पाऊस भरपूर, त्या वर्षी असं सावध वाण थोडं मागे पडतं. ती किंमत त्याला द्यावीच लागते.

तुरीचा मार्ग निराळा आहे. ती मुळात बहुवर्षायू झुडूप. एका हंगामात कापणी करतो ती आपली सोय. तिला लगेच पिकायची घाई नाही, आणि दीडशे-पावणेदोनशे दिवसांच्या आयुष्यात एखादा खंड सोसून ती पुन्हा उभी राहू शकते. तिचं सोटमूळ खोल जातं. ताण वाढला तरी ती रंध्रं लगेच पूर्ण मिटत नाही. त्याऐवजी पेशीतला रस घट्ट करते. पानातली पिष्टं कमी होतात, विरघळलेले पदार्थ वाढतात, त्यांत पिनिटॉल नावाचं शेंगवर्गीयांत खूप आढळणारं साखरेसारखं संयुग असतं. रस घट्ट झाला की मातीनं घट्ट धरून ठेवलेलं पाणीही पेशीकडे ओढलं जातं आणि पेशी फुगीर राहतात. ताण अति झाला तर जुनी पानं गाळून तूर आपला खर्च कमी करते. काढणीला आलेल्या तुरीच्या रानात पायाखाली पाचोळ्याचा थर असतो, त्यातला काही भाग या काटकसरीचा असतो. पुढच्या पिकाला त्याचं खत मिळतं, हा आणखी एक लाभ.

तुरीच्या मुळांनी केलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. झांबियात सेकिया आणि यानो या जपानी संशोधकांनी मक्याच्या शेजारी तूर लावली आणि खालच्या पाण्याचा माग काढला. रात्री, रंध्रं मिटलेली असताना, तुरीचं खोल मूळ खालचं पाणी वर खेचतं आणि वरच्या कोरड्या मातीत थोडं सोडतं. ते पाणी शेजारच्या मक्यानंही घेतलं. आपल्याकडे सोयाबीन-तूर, ज्वारी-तूर अशी जोडी पिढ्यान् पिढ्या चालत आली, ती दोन पिकांच्या वेगवेगळ्या हंगामामुळे आणि खोलीमुळे. रात्रीची ही मदत त्यात किती भर घालते हे जमिनीवर अवलंबून राहील, पण जोडीची निवड शहाणपणाची होती याला आणखी एक आधार मिळाला.

भुईमुगाची तऱ्हा या सगळ्यांहून वेगळी, कारण त्याचं फूल वर आणि शेंग खाली. फुलाचं फलन झालं की आऱ्या सुटतात आणि जमिनीत शिरतात. वरचा पाच-सात सेंटिमीटरचा थर कडक, कोरडा झाला असेल तर आरी टोक घासून वरच राहते. खोल मुळांना पाणी मिळत असलं तरी उपयोग नाही. शिवाय शेंगेला लागणारं कॅल्शियम मुळांतून वर जाऊन परत खाली येत नाही. शेंग ते स्वतः, आपल्या कवचातून, भोवतालच्या मातीतून घेते. ती माती कोरडी असली की कॅल्शियम विरघळत नाही आणि शेंगा पोचट राहतात. आऱ्या सुटताना जिप्सम द्यायचा सल्ला यासाठीच असतो, आणि कोरड्या मातीत तो फारसा लागू पडत नाही तोही याचसाठी.

तरीही भुईमुगाबद्दल एक उलट वाटणारी गोष्ट खरी आहे. इक्रिसॅटमधल्या प्रयोगांत फुलोऱ्याच्या आधी मध्यम ताण दिला आणि मग पाणी सोडलं, तेव्हा झाडांना एकदम, एकाच वेळी फुलं आली आणि उत्पन्न वाढलं. गुजरातेत उन्हाळी भुईमुगाला सुरुवातीला पाणी थांबवण्याची रीत आहे, तिच्यामागेही हेच आहे. पण शेवटचे तीन-चार आठवडे कोरडे आणि उष्ण गेले तर फक्त उत्पन्न घटत नाही. ताणलेला दाणा अ‍ॅस्परजिलस बुरशीपुढे आपला रासायनिक बचाव उभा करू शकत नाही आणि त्यात अफ्लाटॉक्सिन साठतं. तो दाणा दिसायला बरा असतो. खाणाऱ्याच्या यकृताला मात्र तो विष असतो. दुष्काळाचा हा फटका आपल्या चर्चेत फारसा येत नाही, तो यायला हवा.

याच भुईमुगावर पाण्याच्या काटकसरीचं एक चांगलं मोजमापही उभं राहिलं. हवेत दोन प्रकारचे कार्बन असतात, हलका आणि किंचित जड. झाड हलका अधिक पसंत करतं, पण रंध्रं आवळलेली असली की निवडीला वाव कमी राहतो आणि जड कार्बनही घ्यावा लागतो. ऑस्ट्रेलियात ग्रॅहम फर्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की पानातलं या दोन कार्बनांचं प्रमाण पाहून कोणत्या वाणानं एका लिटर पाण्यात जास्त अन्न बनवलं हे सांगता येतं. भुईमूग या मोजमापाच्या पहिल्या पिकांपैकी एक होता. पाणी न मोजता, वाळलेल्या पानाच्या तुकड्यावरून, संपूर्ण हंगामाचा हिशेब कळतो.

आता ज्या टप्प्यावर सगळ्यात जास्त नुकसान होतं तिथे येतो: फूल आणि कोवळा घाटा. ताणात ॲबसिसिक आम्ल फुलांतही वाढतं. परागकण कमी जगतात, कमी रुजतात, आणि फुलाच्या मादीभागावर परिणाम तर त्याहूनही जास्त होतो, असं हरभऱ्यावरच्या प्रयोगांत दिसलं आहे. फलन झालं तरी घाटा धरेलच असं नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात नील टर्नर, कदंबोट सिद्दीक आणि त्यांच्या गटानं वर्षानुवर्षं हरभऱ्याच्या फांद्यांवर घाटे मोजले. ताण सुरू झाल्यावर उशिराची फुलं आणि कोवळे घाटे गळून जातात, आणि काबुलीत ही गळ देशीपेक्षा जास्त असते. फुलगळ आपल्याला नुकसान वाटते आणि ती असतेच. पण झाड त्याचबरोबर उरलेल्या घाट्यांत पुरेसं अन्न जाईल याची सोय करत असतं. पानांत आणि खोडांत फुलोऱ्याआधी साठवलेला कार्बन आणि नत्र उरलेल्या दाण्यांकडे वळवला जातो. म्हणून वाचलेले दाणे बऱ्याचदा आकारानं ठीक असतात, संख्येनं कमी.

हे सगळं एकत्र धरलं की काही व्यवहाराच्या गोष्टी स्पष्ट होतात. हातात एकच संरक्षित पाणी असेल तर ते हरभऱ्याला फुलोऱ्याच्या तोंडावर द्यावं, वाढीच्या सुरुवातीला नको. लवकर पिकणारं वाण ताण टाळतं. त्याला ताण सोसावा लागत नाही, म्हणून इक्रिसॅटच्या ‘आयसीसीव्ही २’सारख्या अतिलवकर काबुली हरभऱ्यानं दक्षिण भारताच्या कमी थंडीच्या, कमी पाण्याच्या भागात काबुलीला वाट करून दिली. पण खोल जमिनीत, जिथे ओल उरतेच, तिथे ते फार लवकर थांबून पाणी वाया घालवतं. ‘आयसीसी ४९५८’च्या मुळांचे गुण चौथ्या गुणसूत्राच्या एका तुकड्यात एकवटलेले आढळले आणि तो तुकडा भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या ‘पुसा ३७२’ या वाणात आणून ‘पुसा चिकपी १०२१६’ तयार झालं. मध्य भारतासाठी, म्हणजे महाराष्ट्रासह, त्याची शिफारस आहे. पुढच्या अभ्यासात असं दिसलं की तो तुकडा मुख्यतः सुरुवातीच्या जोमाशी जोडलेला आहे आणि पाणी वाचवण्याचे गुण इतर ठिकाणी आहेत. जोम आणि काटकसर एकाच रोपात आणायची असेल तर दोन ठिकाणांहून आणावी लागेल.

बियाण्याच्या पिशवीवर ‘अवर्षणास सहनशील’ एवढंच छापलेलं असतं. परभणीच्या खोल काळ्या रानात हंगामाच्या शेवटी ओल संपते. आटपाडीच्या मुरमाड रानात मधेच खंड पडतो आणि पुन्हा पाऊस येतो. भुईमुगाच्या पट्ट्यात वरचा थर आधी सुकतो. या तीन दुष्काळांना एकच वाण तोडीस तोड ठरत नाही. पिशवीवर जमिनीची खोली आणि कोणत्या टप्प्यावरच्या ताणाला हे वाण टिकतं, एवढ्या दोन ओळी छापल्या तरी पेरणाऱ्याला आपल्या रानापुरती निवड करता येईल, आणि त्या छापण्याइतकी माहिती आज संशोधन केंद्रांकडे जमा झालेली आहे.